चित्रपट दिग्दर्शन पुरस्कार, मराठी

चित्रपट दिग्दर्शन पुरस्कार, मराठी : चित्रपटाच्या निर्मितीतील दिग्दर्शकाच्या कामगिरीबद्दल शासन, संस्था किंवा चित्रपट-महोत्सव यांच्याकडून दिले जाणारे व्यक्तिगत पारितोषिक. चित्रपट ही सामूहिक कलाकृती असते. कथा-पटकथालेखक, छायालेखक, नट, संगीतकार, कलादिग्दर्शक, संकलक, ध्वनिमुद्रक अशा अनेकांचे श्रम तीत एकवटलेले असतात. या सर्वांच्या कामास एक दिशा व एक आकार देणे हे दिग्दर्शकाचे कार्य होय. नटाचा अभिनय प्रेक्षकास दिसतो, गीत ऐकू येते, छायालेखन डोळ्यांत भरते; दिग्दर्शन मात्र या सर्वांत मुरलेले असल्याने ते वेगळे काढून दाखविता येत नाही. त्यामुळे चित्रपटविषयक पारितोषिकांमध्ये दिग्दर्शनाच्या पारितोषिकाचा निर्णय सर्वांत अवघड मानला जातो.

मराठी चित्रपटांच्या संदर्भात या पारितोषिकाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक १९६७ च्या चित्रपटांपासून देण्यात येऊ लागले. परंतु मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शकास ते प्रथम मिळाले २०१२ च्या चित्रपटांसाठी. मधल्या पंचेचाळीस वर्षांत मराठीत चांगले दिग्दर्शक नव्हते, असा याचा अर्थ नाही. पारितोषिकांची यादी ही कलेच्या इतिहासाचे साधन असली, तरी ती म्हणजेच तो इतिहास नव्हे, ही गोष्ट या पंचेचाळीस वर्षांतून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा मूकपट निर्माण केला, तेव्हा निर्माता, दिग्दर्शक, पटकथाकार व तंत्रज्ञ या भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी होत्या. पुढे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली दिग्दर्शक व तंत्रज्ञ यांची एक पिढी तयार झाली आणि तिच्यातूनच १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. त्या काळी प्रेक्षक चित्रपट ओळखत तो कंपनीच्या नावाने. ‘प्रभातचा चित्रपट’ हे शब्द गुणवत्तेची ग्वाही देत आणि दिग्दर्शकाचे नाव त्या बिरुदामागे राही. ‘संत तुकाराम’ (१९३६) हे याचे ठळक उदाहरण होय. व्हेनिस येथील १९३७ च्या चित्रपट-महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. त्याचे दिग्दर्शन विष्णुपंत दामले व एस्. फत्तेलाल या जोडीने केले होते. परंतु सर्वसामान्य प्रेक्षकाच्या स्मरणात राहिले ते तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस. दिग्दर्शन जितके एकजीव, तितका दिग्दर्शक अदृश्य, हा अनुभव मराठी चित्रपटास असा आरंभापासूनच आहे.

प्रभातमधून बाहेर पडलेले व्ही. शांताराम हे याला अपवाद होते. त्यांचे नाव हीच त्यांच्या चित्रपटांची ओळख ठरली. ‘झनक झनक पायल बाजे’ या हिंदी चित्रपटासाठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हे पारितोषिक लाभले. हे दोन्ही चित्रपट हिंदी होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी दिग्दर्शकास अखिल भारतीय कीर्ती मिळावयाची, तर ती बहुधा हिंदी चित्रपटाच्या मार्गाने, असा प्रघात तेव्हापासून पडत गेला.

शासकीय पारितोषिकांचा आरंभ : भारत सरकारने चित्रपटांसाठी वार्षिक पारितोषिके सुरू केली, ती १९५३ च्या चित्रपटांपासून. पहिला पारितोषिक-वितरण समारंभ १० ऑक्टोबर १९५४ रोजी झाला आणि सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास देण्यात आले. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारित असलेल्या या चित्रपटाचे निर्माते व दिग्दर्शक आचार्य अत्रे हे होते. पुढच्याच वर्षी अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ (१९५४) या चित्रपटाने मराठी विभागातील रौप्यपदक मिळविले.

आरंभीच्या या व्यवस्थेत पारितोषिक होते ते चित्रपटास. दिग्दर्शन, अभिनय, छायालेखन यांसाठी स्वतंत्र पारितोषिके नव्हती. त्याचा परिणाम असा झाला, की मराठी चित्रपटाच्या एका संपन्न कालखंडातील दिग्दर्शकांची नोंद राष्ट्रीय यादीत दिग्दर्शक म्हणून झालीच नाही. राजा परांजपे यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘पुढचं पाऊल’ (१९५०), ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२), ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटांतून त्यांनी विनोद, कारुण्य आणि मध्यमवर्गीय जीवनाचे चित्रण यांचा मेळ घातला. त्यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या रहस्यपटास मराठी विभागातील राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि त्यावरून राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शनाचे स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले ते त्यानंतर एका वर्षाने.

राष्ट्रीय दिग्दर्शन पारितोषिक : १९६७ च्या चित्रपटांपासून अभिनय, दिग्दर्शन इत्यादींसाठी व्यक्तिगत पारितोषिके देण्यास सुरुवात झाली. दिग्दर्शनाचे पहिले पारितोषिक सत्यजित राय यांना ‘चिडियाखाना’ या बंगाली चित्रपटासाठी मिळाले. १९६७ ते १९९१ या पहिल्या पंचवीस वर्षांची यादी तपासल्यास राय यांना सहा वेळा, मृणाल सेन यांना चार वेळा, अदूर गोपालकृष्णन यांना चार वेळा आणि जी. अरविंदन् यांना तीन वेळा हा मान मिळाल्याचे आढळते. म्हणजे पंचवीसपैकी सतरा पारितोषिके दोन बंगाली व दोन मलयाळम् दिग्दर्शकांकडे गेली. उरलेल्या आठांत गिरीश कार्नाड व ब. व. कारंत (संयुक्तपणे, ‘वंशवृक्ष’, १९७१), मणी कौल (‘दुविधा’, १९७३), पी. लंकेश (‘पल्लवी’, १९७६), हा मान मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक अपर्णा सेन (‘३६ चौरंगी लेन’, १९८१), उत्पलेंदु चक्रवर्ती (‘चोख’, १९८२), श्याम बेनेगल (‘त्रिकाल’, १९८५), शाजी करुण (‘पिरवी’, १९८८) व तपन सिन्हा (‘एक डॉक्टर की मौत’, १९९०) यांचा समावेश होतो. त्यांतील ‘त्रिकाल’ची पार्श्वभूमी गोव्याची असली, तरी तो हिंदी चित्रपट होता. मराठी चित्रपट या यादीत नाही.

याच यादीत आणखी एक लक्षणीय गोष्ट आढळते. अदूर गोपालकृष्णन, मणी कौल व शाजी करुण या तिघांचेही शिक्षण पुण्याच्या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत झाले. १९६० मध्ये सुरू झालेली ही संस्था प्रभातच्या जुन्या चित्रनिर्मितीगृहाच्या आवारात आहे. ज्या वास्तूत ‘संत तुकाराम’ घडला, तेथेच अन्य भाषांतील पारितोषिक-विजेते दिग्दर्शक तयार होत होते.

मराठीच्या अनुपस्थितीची कारणे : या काळात मराठी चित्रपट राष्ट्रीय पारितोषिकांपासून दूर होता, असे नाही. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ (१९७५), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९) व ‘उंबरठा’ (१९८१) या चारही चित्रपटांना उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेतही होता. तरीही पटेल यांना दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले नाही.

याचे एक कारण मराठी चित्रपटाच्या स्वरूपातच शोधावे लागते. ‘सामना’, ‘सिंहासन’ व ‘उंबरठा’ यांच्या पटकथा विजय तेंडुलकर यांच्या होत्या. ‘सिंहासन’मागे अरुण साधू यांच्या, तर ‘जैत रे जैत’मागे गो. नी. दांडेकर यांची कादंबरी होती. श्रीराम लागू, निळू फुले, स्मिता पाटील यांच्यासारखे समर्थ नट त्यांत होते. साहित्य व रंगभूमी यांच्या भक्कम आधारावर उभा राहिलेला चित्रपट पाहताना परीक्षकांचे लक्ष प्रथम लेखनाकडे व अभिनयाकडे जावे, हे स्वाभाविक होते. राष्ट्रीय पारितोषिकांतून याला दुजोरा मिळतो. तेंडुलकरांना पटकथेचे पारितोषिक मिळाले ते श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ (१९७६) या हिंदी चित्रपटासाठी. सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ हा १९७९ च्या पारितोषिकांत उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. परंतु त्यांना व्यक्तिशः पारितोषिक लाभले ते दिग्दर्शनाचे नव्हे, तर पटकथेचे. मराठी प्रतिभेची ओळख देशात लेखणीची म्हणून झाली. कॅमेऱ्याची म्हणून व्हायला वेळ लागला.

दुसरे कारण आर्थिक होय. ‘भुवन शोम’ (१९६९) हा चित्रपट १९६० मध्ये स्थापन झालेल्या शासकीय चित्रपट वित्त महामंडळाच्या कर्जामुळे शक्य झाला. केरळात अदूर व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये ‘चित्रलेखा’ ही संस्था स्थापून सहकारी तत्त्वावर चित्रनिर्मितीचा मार्ग काढला. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परतीची योजना लागू केली. चित्रपटाच्या उत्पन्नावर जमा झालेला कर निर्मात्यास पुढील मराठी चित्रपटासाठी परत मिळावा, अशी ती योजना होती. तिने मराठी चित्रपट-व्यवसाय सावरला, यात शंका नाही. मात्र जितकी तिकीटविक्री अधिक तितकी परतफेड अधिक, असे तिचे गणित असल्यामुळे तिचा लाभ लोकप्रिय चित्रपटास अधिक आणि प्रयोगशील चित्रपटास कमी झाला.

राज्य पारितोषिके : महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी राज्य शासनाने मराठी चित्रपटांसाठी स्वतंत्र वार्षिक पारितोषिके सुरू केली. त्यांत दिग्दर्शनास प्रथमपासून महत्त्वाचे स्थान आहे. पुढे या पारितोषिकांना भालजी पेंढारकर, अनंत माने यांसारख्या पूर्वसूरींची नावे देण्यात आली. ज्यांच्या उमेदीच्या काळात दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिकच अस्तित्वात नव्हते, त्यांची नावे अशा रीतीने नव्या दिग्दर्शकांच्या गौरवाशी जोडली गेली. केंद्र शासनाने व्ही. शांताराम यांना १९८५ चा व भालजी पेंढारकर यांना १९९१ चा दादासाहेब फाळके पुरस्कार देऊन त्यांच्या आजीवन कार्याचा गौरव केला. परंतु आजीवन गौरव आणि विशिष्ट चित्रपटातील दिग्दर्शनाचे मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्यात कृतज्ञता असते, दुसऱ्यात चिकित्सा.

वऱ्हाड व राजदत्त : पारितोषिकांच्या यादीतून न दिसणाऱ्या दिग्दर्शनाचे उत्तम उदाहरण वऱ्हाडातून आलेले राजदत्त यांचे आहे. दत्तात्रय अंबादास मायाळू हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म १९३२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील धामणगाव येथे झाला. आरंभी काही काळ पत्रकारिता केल्यानंतर ते राजा परांजपे यांचे साहाय्यक झाले व गुरूच्या नावातील ‘राजा’ आणि स्वतःच्या नावातील ‘दत्त’ मिळून ‘राजदत्त’ हे नाव त्यांनी धारण केले. ‘मधुचंद्र’ (१९६७) हा त्यांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक ज्या वर्षापासून दिले जाऊ लागले, तेच हे वर्ष होय.

‘अपराध’ (१९६९), ‘धाकटी बहीण’ (१९७०), ‘या सुखांनो या’ (१९७५), ‘अष्टविनायक’ (१९७९) या कौटुंबिक व भक्तिपर चित्रपटांबरोबरच राजदत्त यांनी सामाजिक विषयही हाताळले. अरविंद देशपांडे यांच्यासह दिग्दर्शित केलेला वेठबिगारीच्या प्रश्नावरील ‘शापित’ (१९८२), हुंड्याच्या प्रश्नावरील ‘पुढचं पाऊल’ (१९८५ ची पारितोषिके) आणि शिवकालीन पार्श्वभूमीवरील ‘सर्जा’ (१९८७) या तिन्ही चित्रपटांना उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. यांतील ‘पुढचं पाऊल’ हे नाव त्यांच्या गुरूंच्या १९५० मधील चित्रपटाचेही होते. सहा वर्षांच्या अवधीत तीन वेळा मराठीतील सर्वोत्कृष्ट ठरलेल्या चित्रपटांचा दिग्दर्शक दिग्दर्शनाच्या राष्ट्रीय यादीत मात्र नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

वऱ्हाडच्या दृष्टीने राजदत्त यांचा ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) हा चित्रपट सर्वांत जवळचा ठरतो. तो गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) जीवनावर असून त्यातील प्रमुख भूमिका श्रीराम लागू यांनी केली. चित्रपटाचे नाव महाराजांच्या कीर्तनातील नामगजरावरून घेतले आहे. महाराजांचा जन्म जुन्या दर्यापूर तालुक्याच्या परिसरातील शेंडगावचा; त्यांचे बालपण मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे आजोळी गेले; पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे त्यांच्या लोकसेवेचा आरंभ झाला आणि त्यांचे निधन अमरावतीजवळ वलगाव येथे झाले. दर्यापूर, मूर्तिजापूर व अमरावती या टापूत चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेली व त्यांची कीर्तने ऐकलेली माणसे हयात होती. अशा प्रेक्षकांसमोर त्यांच्याच परिचयाची व्यक्ती नटाच्या रूपाने उभी करणे ही दिग्दर्शकाची कसोटी असते. हातातील खराटा व गाडगे, चिंध्यांचा वेष ही बाह्य चिन्हे वेषभूषाकार देऊ शकतो. प्रश्नोत्तरांतून श्रोत्यांना बोलते करणाऱ्या कीर्तनाची लय मात्र नट, छायालेखन व संकलन यांच्या एकत्रित नियोजनातूनच साधते. हे नियोजन म्हणजेच दिग्दर्शन होय.

वऱ्हाडात मराठी चित्रपट पोचण्याची वाट सरळ नव्हती. बेरार (वऱ्हाड) हा प्रदेश १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. चित्रपट-वितरणाच्या व्यवसायाने मात्र जुनाच नकाशा कायम ठेवला. या व्यवसायात वऱ्हाड मुंबई विभागात मोडत नाही, तर ‘सी. पी. बेरार’ विभागात मोडतो. परिणामी पुण्या-मुंबईस प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट अमरावती-अकोल्यास लागावयाचा, तर त्याचे हक्क स्वतंत्रपणे विकले जाणे आवश्यक असे. वितरकास हिंदी चित्रपटात जोखीम कमी वाटे, प्रतींची संख्या मोजकी असे आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून ती प्रत तालुक्याच्या गावी येईपर्यंत बराच काळ लोटे. दर्यापूरसारख्या, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात वसलेल्या व कापसाच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या गावात चित्रपटाचा धंदा सुगीच्या पैशाशीही बांधलेला असे. राज्य किंवा राष्ट्रीय पारितोषिक मिळविलेला चित्रपट वर्तमानपत्रातून माहीत झाला, तरी तो पाहावयास मिळेलच याची खात्री नसे. पारितोषिकाने दिग्दर्शकाचे नाव सर्वत्र पोचते. त्याचे काम पोचविण्याचे सामर्थ्य पारितोषिकात नसते.

मराठीतील राष्ट्रीय विजेते : दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारे पहिले मराठी चित्रपट-दिग्दर्शक म्हणजे शिवाजी लोटन पाटील. ‘धग’ या चित्रपटासाठी त्यांना २०१२ चे (साठावे) पारितोषिक मिळाले. स्मशानातील कामावर गुजराण करणारे कुटुंब आणि त्या जगण्यातून बाहेर पडू पाहणारा मुलगा हा चित्रपटाचा विषय आहे. याच चित्रपटातील भूमिकेसाठी उषा जाधव यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक देण्यात आले. ‘धग’ चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला तो २०१४ मध्ये. पारितोषिक आधी आले व प्रेक्षक नंतर.

दुसरे विजेते राजेश मापुसकर यांना ‘व्हेंटिलेटर’साठी २०१६ चे (चौसष्टावे) पारितोषिक लाभले. गणेशोत्सवाच्या तोंडावर कुटुंबातील वडीलधारी व्यक्ती रुग्णालयात कृत्रिम श्वसनयंत्रावर आहे आणि गावाकडून व शहरातून सर्व नातलग तेथे गोळा झाले आहेत, असा त्याचा प्रसंग. अनेक पात्रे एकाच जागी असताना प्रत्येकाचा स्वभाव व परस्परसंबंध प्रेक्षकास उलगडत नेणे हे या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे वैशिष्ट्य होय. संकलन व ध्वनी यांसाठीही त्यास राष्ट्रीय पारितोषिके मिळाली.

तिसरे विजेते निखिल महाजन यांना ‘गोदावरी’साठी २०२१ चे (एकोणसत्तरावे) पारितोषिक मिळाले. नासिक येथील गोदाकाठच्या जुन्या वस्तीतील एका कुटुंबाची, मृत्यूच्या जाणिवेने व्यापलेली ही कथा आहे. याच चित्रपटासाठी महाजन यांना गोव्यात भरलेल्या २०२१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक व जितेंद्र जोशी यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले होते.

स्मशान, रुग्णालय व नदीचा घाट ही या तीन चित्रपटांची स्थळे आहेत. तिन्हींच्या केंद्रस्थानी मृत्यूच्या सान्निध्यातील कुटुंब आहे. यातून काही नियम काढणे धाडसाचे ठरेल. तथापि कथानकातील घटनांपेक्षा स्थळ व वातावरण यांतून आशय व्यक्त करण्यावर तिन्ही दिग्दर्शकांचा भर आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. नाट्यपूर्ण संवादांकडून दृश्याकडे झालेले मराठी चित्रपटाचे हे स्थित्यंतर त्यांना मिळालेल्या पारितोषिकांमागचे एक कारण असावे.

सर्वोत्कृष्ट चित्रपट व सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन : २०२३ च्या चित्रपटांपर्यंतच्या राष्ट्रीय पारितोषिकांत पाच मराठी चित्रपट देशातील सर्वोत्कृष्ट कथाचित्रपट ठरले : आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००३), उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११, ‘ब्यारी’सह विभागून), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१६). यांपैकी एकाही चित्रपटास दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले नाही. पहिल्याच्या वेळी ते नव्हतेच; ‘श्वास’च्या वर्षी ते बंगालीतील गौतम घोष यांना, ‘देऊळ’च्या वर्षी पंजाबीतील गुरविंदर सिंग यांना, ‘कोर्ट’च्या वर्षी बंगालीतील सृजित मुखर्जी यांना मिळाले. ‘कासव’च्या वर्षी दोन्ही मान मराठीस लाभले, परंतु दोन वेगळ्या चित्रपटांना. याउलट ‘गोपी गाइन बाघा बाइन’ (१९६८), ‘भुवन शोम’ (१९६९) व ‘स्वयंवरम्’ (१९७२) यांना ही दोन्ही पारितोषिके एकत्र मिळाली होती.

चित्रपट सर्वोत्कृष्ट असूनही त्याचे दिग्दर्शन सर्वोत्कृष्ट नाही, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. एका मताप्रमाणे परीक्षक-मंडळे मान शक्यतो वेगवेगळ्या चित्रपटांत व भाषांत वाटून देतात. दुसऱ्या मताप्रमाणे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा निर्णय आशय, सामाजिक महत्त्व व एकूण परिणाम यांवर, तर दिग्दर्शनाचा निर्णय माध्यमावरील प्रभुत्वावर होतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र ‘कोर्ट’च्या बाबतीत दुसरे मत पुरेसे पडत नाही. स्थिर कॅमेरा, दीर्घ दृश्ये व अव्यावसायिक नट यांच्या साहाय्याने न्यायालयीन व्यवहाराचे चित्रण करणाऱ्या या चित्रपटाचे सामर्थ्य प्रामुख्याने दिग्दर्शनातच आहे. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात त्यास ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे व पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अशी दोन पारितोषिके मिळाली होती. ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) या पुढील मराठी चित्रपटास व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत मिळालेले पारितोषिक पुन्हा पटकथेचे होते.

पदार्पणाची पारितोषिके : दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचे स्वतंत्र राष्ट्रीय पारितोषिक १९८० च्या चित्रपटांपासून दिले जाते. ते पूर्वी इंदिरा गांधी यांच्या नावाने दिले जाई. २०२२ च्या चित्रपटांपासून त्याचे नाव बदलून दिग्दर्शकाच्या पदार्पणातील उत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक असे करण्यात आले. अलीकडे या गटात मराठीने चांगली कामगिरी केली आहे. नागराज मंजुळे (‘फँड्री’, २०१३), सुधाकर रेड्डी यक्कंटी (‘नाळ’, २०१८ ची पारितोषिके) व आशिष बेंडे (‘आत्मपॅम्फ्लेट’, २०२३) हे त्याचे मानकरी होत. यांतील ‘नाळ’ची पार्श्वभूमी पूर्व विदर्भातील वैनगंगेच्या काठची आहे. पुण्या-मुंबईबाहेरील प्रदेश, तेथील बोली व तेथील मुले ही या नव्या दिग्दर्शकांची सामग्री आहे. राजदत्त यांच्या पिढीस वऱ्हाडातून मुंबईस जाऊन तेथील व्यवसायाची भाषा आत्मसात करावी लागली होती. नंतरच्या पिढीस आपल्या प्रदेशाची भाषा घेऊनच पडद्यावर येता आले, हा बदल महत्त्वाचा होय.

मूल्यमापन : पारितोषिकांमुळे दिग्दर्शक हा चित्रपटाचा कर्ता आहे, ही जाणीव प्रेक्षकांत दृढ झाली. नव्या दिग्दर्शकास निर्माता मिळणे सुकर झाले आणि ‘श्वास’नंतर मराठी चित्रपटाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. परंतु यादीत नाव नसणे हा गुणवत्तेचा अभाव मानता येत नाही. दामले-फत्तेलाल, राजा परांजपे, राजदत्त, जब्बार पटेल व सुमित्रा भावे यांना वगळून मराठी दिग्दर्शनाचा इतिहास लिहिणे अशक्य आहे, आणि दिग्दर्शनाच्या राष्ट्रीय यादीत यांपैकी कोणीही नाही.

या इतिहासाचा खरा पुरावा म्हणजे चित्रपटांच्या प्रती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात १९६४ मध्ये, म्हणजे बोलपटांच्या आरंभानंतर तीन दशकांहून अधिक काळाने झाली. तोवर अनेक मूकपट व आरंभीचे बोलपट नष्ट झाले होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील जुन्या चित्रपटांचा मोठा साठा भस्मसात झाला. पारितोषिकाचे मानपत्र टिकते, पण ज्यासाठी ते दिले तो चित्रपट टिकेलच असे नाही. चित्रपट उपलब्ध नसल्यास पुढील पिढीस परीक्षकांचा निर्णय तपासून पाहता येत नाही. तो केवळ मानून घ्यावा लागतो. म्हणून विजेत्यांच्या नावांची नोंद ठेवण्याइतकेच त्यांचे, आणि ज्यांना पारितोषिक मिळाले नाही अशा दिग्दर्शकांचे, चित्रपट जतन करणे व ते पुण्या-मुंबईबरोबरच दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचविणे महत्त्वाचे ठरते.